थर टिकणार की फुटणार? रिचर्डसन नंबर काढायची रीत

पावसाळा सरत आला की गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात वर पावसाचं आणि मांडवी-झुआरीचं हलकं मचूळ पाणी पसरलेलं असतं, आणि त्याच्याखाली खोलातनं वर सरकलेलं थंड, खारट, ऑक्सिजन जवळपास संपलेलं पाणी. दोन्ही मिसळली तर खालच्याला जरा श्वास मिळेल. पण मिसळणार का, हे कसं ओळखायचं? रिचर्डसन नंबरने: थरांची ताकद आणि त्यांना फाडू पाहणारा वेगाचा फरक, यांचं गुणोत्तर.

आधी सीटीडी (खोलीनुसार तापमान आणि क्षारता मोजणारं उपकरण) हळूहळू खाली सोडा, तापमान आणि क्षारता दोन्ही घ्या. नुसत्या तापमानावर जाऊ नका, इथे वरचं पाणी हलकं असतं ते मुख्यतः गोड्या पाण्यामुळे. त्यातनं घनता काढा, पायथनमधे जीएसडब्ल्यू ही समुद्राच्या पाण्याचे हिशोब करणारी लायब्ररी फुकट आहे. मग एडीसीपीवरून (आवाजाच्या लहरींनी प्रवाह मोजणारं उपकरण) प्रत्येक खोलीवरचा प्रवाहाचा वेग.

आता हिशोब. समजा ५ मीटरमधे घनता १ किलो प्रति घनमीटरने वाढली. ९.८ ला १०२५ ने भागा, गुणिले १, भागिले ५, म्हणजे साधारण ०.००१९. ही थरांची ताकद. तेवढ्याच ५ मीटरमधे वेगाचा फरक सेकंदाला २० सेंमी असेल तर ०.२ भागिले ५, त्याचा वर्ग ०.००१६. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.२ येतं, हाच रिचर्डसन नंबर, म्हणजे थर निवांत. वेगाचा फरक ५० सेंमी झाला की तेच ०.१९ वर येतं, आणि ०.२५ च्या खाली गेलं की लाटा उठून गुंडाळायला लागू शकतात, भोवरे, घुसळण वगैरे. लागू शकतात म्हणतोय हां, लागतीलच असं नाही, ०.२५ ही गरजेची अट आहे, पुरेशी नाही.

माझा पहिला प्रयत्न फसला तो बिनमुळे (मोजमापाचा खोलीतला एकेक टप्पा), घनता १ मीटरच्या बिनने आणि वेग ४ मीटरच्या, आणि दोन्ही तसेच भागून टाकले 🤦 दोन्हीला एकच बिन ठेवा, आणि जमेल तेवढा बारीक, कारण मोठ्या बिनमधे पातळ शिअर (खोलीनुसार बदलणारा वेगाचा फरक) पुसून जातो आणि समुद्र उगाच शांत दिसतो.

जड पाणी हलक्यावर बसलेलं दिसलं तर लगेच टर्ब्युलन्स सापडला म्हणून नाचू नका, तापमान आणि कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, जिच्यावरून क्षारता काढतात) यांचे सेन्सर एका वेगाने प्रतिसाद देत नाहीत म्हणून क्षारतेत खोटे काटे येतात, आधी ते जुळवून घ्या. वरचे दोन-तीन मीटर तर सोडूनच द्या, ते बोटीनेच ढवळलेले असतात. आणि एका फेरीवर निकाल लावायचा नाही, भरती-ओहोटीबरोबर शिअर बदलत राहतो, निदान २५ तास दर तासाला मोजा, झोपेची पाळी आधीच ठरवून घ्या.