सर्व्हरवर हॅकिंगचे प्रयत्न होत असतील तर: आधी काय तपासावं, तक्रार कशी करावी

इंटरनेटला जोडलेल्या लिनक्स सर्व्हरचा लॉग (घडामोडींची नोंदवही) उघडला की 'फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर' अशा ओळींची रांगच लागलेली दिसते. रूट, ॲडमिन, टेस्ट, पोस्टग्रेस अशी नावं एकामागून एक टाकून पाहिलेली असतात. बहुतेक वेळा त्यामागे तुमच्या धंद्यावर डोळा ठेवून बसलेला माणूस नसतो, दिसेल तो आयपी पत्ता चाचपणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, असतात. म्हणून लगेच तक्रार लिहायला बसू नका. आधी कुणी आत शिरलं आहे का ते बघा.

उबुंटूवर या नोंदी व्हार-लॉग फोल्डरातल्या ऑथ-डॉट-लॉग फाइलमध्ये असतात, रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर सिक्युअर नावाच्या फाइलमध्ये. फाइल नसेल तर जर्नलसीटीएल ही नोंदी दाखवणारी कमांड वापरा. तिथे 'फेल्ड' सोडा, 'ॲक्सेप्टेड' शोधा. त्या ओळीत यूजर, आयपी पत्ता आणि प्रवेश पासवर्डने झाला का 'की'ने (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ली-फाइलने), हे तिन्ही असतं. अशी प्रत्येक ओळ तुमच्या ओळखीची असायला हवी. एक जरी अनोळखी निघाली, तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

पासवर्ड बंद करा

सर्व्हरवर दुरून लॉगिन होतं ते एसएसएचने. स्वतःच्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन या कमांडने ईडी२५५१९ प्रकारची की बनवा, तिला पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) द्या आणि जोडीतली पब्लिक की सर्व्हरवर टाका. सुडोचा अधिकार (प्रशासकाच्या कमांड चालवायची परवानगी) असलेल्या साध्या यूजरने त्या कीवर लॉगिन होतंय याची खात्री झाली की मगच एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलमधली पासवर्ड-ऑथेंटिकेशन आणि परमिट-रूट-लॉगिन (रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर) ही दोन्ही सेटिंग 'नो' करा. एसएसएच सर्व्हिस रीलोड करताना चालू असलेली लॉगिनची खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून आत जाता आलं पाहिजे. घाईत पहिली खिडकी बंद करून स्वतःलाच बाहेर कोंडून घेणारे कमी नाहीत.

इथे एक हमखास फसवणारी गोष्ट आहे. क्लाउडवरच्या उबुंटूमध्ये क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणारा प्रोग्राम) वेगळी छोटी फाइल आधी वाचली जाते, आणि एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतो. मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहूनही पासवर्ड चालूच राहतो तो यामुळे. सुडोने 'एसएसएचडी' कमांड कॅपिटल 'टी' पर्यायासह चालवा. प्रत्यक्षात काय लागू आहे ते ती छापते.

एसएसएचचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) २२ बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, संरक्षण फारसं वाढत नाही.

फायरवॉल

यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी चाळण) सुरू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या. वेबसाइट असेल तर ८० आणि ४४३ उघडे ठेवा, बाकी बंद. मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२ आणि रेडिसचा ६३७९ हे डेटाबेसचे पोर्ट बाहेरून दिसताच कामा नयेत; त्या सर्व्हिस १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःपुरता पत्ता) वरच बांधा. डॉकरने (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) प्रकाशित केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालतात, तेव्हा बाहेरच्या मशिनवरून एनमॅप या उघडे पोर्ट शोधणाऱ्या साधनाने तपासा. फेल-टू-बॅन (वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना अडवणारा प्रोग्राम) मुळात १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी घालतो. ही बंदी त्याच्या जेल-डॉट-लोकल या सेटिंग फाइलमध्ये एक दिवसाची करा आणि ऑफिसचा आयपी स्थिर असेल तर तो वगळा. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसू द्या.

तक्रार

तोच पत्ता पुन्हापुन्हा त्रास देत असेल तर हूइज (पत्त्याचा मालक सांगणारी सेवा) लावून 'अब्यूज', म्हणजे गैरवापराच्या तक्रारींचा, संपर्क काढा. तक्रार त्या नेटवर्कच्या मालकाकडे जाते. ईमेलमध्ये समोरचा आयपी व त्याचा सोर्स पोर्ट, तुमचा आयपी व पोर्ट, यूटीसीमधली (जागतिक प्रमाणवेळ) वेळ आणि लॉगच्या पाच-दहा मूळ ओळी द्या, साध्या मजकुरात. स्क्रीनशॉट नको, त्यातून काही शोधता येत नाही. एका पत्त्यामागे अनेक ग्राहक असू शकतात, त्यामुळे नेमकी वेळ आणि सोर्स पोर्ट नसेल तर ग्राहक सापडत नाही. म्हणूनच सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवणारी पद्धत) जुळलेलं हवं. यूडीपी पॅकेटवरचा (आधी जोडणी न करता पाठवलेल्या डेटावरचा) पत्ता खोटा असू शकतो, त्यावरून कुणावर बोट ठेवू नका. उलट हल्ला तर मुळीच नको: समोरचं मशिन बहुधा हॅक झालेल्या दुसऱ्याच कुणाचं असतं, आणि गुन्हा तुमच्या नावावर लागतो. उत्तर नेहमी येईलच असं नाही.

कुणी आत शिरलं असेल तर

रीस्टार्ट करू नका, मेमरीतला पुरावा जातो. होस्टिंगच्या पॅनेलवरून नेटवर्क तोडा, डिस्कचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी प्रत) घ्या, लॉग दुसरीकडे हलवा. पासवर्ड आणि की दुसऱ्या मशिनवरून बदला. आता सायबर पोलीस आणि देशाची सर्ट संस्था (सायबर घटना हाताळणारी यंत्रणा) यांना कळवा. ग्राहकांची माहिती गेली असेल तर ते कळवण्याची कायद्याची मुदत पाहा. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यामध्ये ती ७२ तासांची आहे.

तोच सर्व्हर साफ करून वापरू नका. ऑथोराइझ्ड-कीज (परवानगी दिलेल्या कींची फाइल), क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी), नवे यूजर तपासले तरी काहीतरी दडून राहतंच. नवा सर्व्हर उभा करा आणि त्यावर पहिल्या अनोळखी 'ॲक्सेप्टेड' ओळीच्या तारखेआधीचा बॅकअप चढवा. हा बॅकअप सर्व्हरला स्वतःला पुसता येणार नाही अशा ठिकाणी ठेवलेला असेल तरच तो शाबूत सापडेल.