छोट्या धंद्याची ऑनलाइन विक्री: सरकारी मदत कोणत्या क्रमाने घ्यायची

योजना पुष्कळ आहेत. घोडं अडतं ते क्रमावर. आधी अ‍ॅपवर दुकान उघडून मग कागदांमागे धावलात, तर पहिलंच पेमेंट अडकतं.

सुरुवात उद्यम नोंदणीने, म्हणजे छोट्या उद्योगांच्या केंद्र सरकारी नोंदणीने करा. त्यासाठी आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो. कागद अपलोड करावे लागत नाहीत आणि शुल्क शून्य. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे, मग ती कितीही हुबेहूब दिसो. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघा. आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर आधी आणि बँक खात्यावर फक्त आद्याक्षर, अशी तीन तऱ्हा असेल तर फॉर्म भरण्याआधीच ती दुरुस्त करून घ्या.

फॉर्ममधली खरी मेख आहे एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा सरकारी आकडा. मसाले स्वतः कुटून विकत असाल तर उत्पादनाचा कोड निवडा. घाईत किरकोळ व्यापाराचा कोड पडला, तर तुम्ही व्यापारी ठरता. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच असतो. कोड चुकला असेल तर त्याच पोर्टलवर बदलता येतो.

आता जीएसटी. ‘ऑनलाइन विकायचं म्हणजे जीएसटी क्रमांक हवाच’ हा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून मालाच्या बाबतीत सैल झाला आहे. महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यातच असेल, तर जीएसटी पोर्टलवर पॅन आणि धंद्याचा पत्ता देऊन जीएसटी क्रमांकाऐवजी फक्त एनरोलमेंट (नावनोंदणी) क्रमांक घ्यायचा. तो एकाच राज्यासाठी मिळतो. कोल्हापूरहून सांगलीला पार्सल पाठवा, चालेल. बेळगावला पाठवलं की ती आंतरराज्य विक्री झाली. म्हणून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पिनकोडची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. कंपोझिशनवाल्यांनाही (उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्यांनाही) राज्याबाहेर ऑनलाइन विकता येत नाही.

नेहमीची जीएसटी नोंदणी असेल, तर प्लॅटफॉर्म विक्रीवर ०.५ टक्का टीसीएस, म्हणजे सरकारकडे आगाऊ भरायचा कर कापतो. हा पैसा तुमचाच आहे, पण आपोआप परत येत नाही. दर महिन्याला पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटचा फॉर्म उघडून ती रक्कम स्वीकारावी लागते, तेव्हाच ती कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात जमा होते. कित्येकांचे पैसे तिथे तसेच पडून राहतात. हिशेबनिसाला हे आवर्जून विचारा.

कागद जुळले की ओएनडीसी, म्हणजे सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं. हे स्वतः अ‍ॅप नाही, जाळं आहे. त्यात शिरायला विक्रेत्यांसाठीचं एखादं अ‍ॅप निवडावं लागतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना या जाळ्यात आणायला जून २०२४ मध्ये ‘टीम’ योजना सुरू झाली. निधी २७७.३५ कोटी, लक्ष्य ५ लाख उद्योगांचं, त्यातले निम्मे महिलांचे. राबवते एनएसआयसी, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ. कॅटलॉग, खात्याची देखभाल, पॅकिंग आणि वाहतूक यांसाठी मदत मिळते. अ‍ॅप निवडताना तीन गोष्टी लेखी घ्या: कमिशन किती, पेमेंट किती दिवसांत आणि परत आलेल्या मालाचं भाडं कोण भरणार.

कॅटलॉग मात्र दुसऱ्यावर पूर्ण सोडू नका. पाकीटबंद मालाला उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, मूळ देश आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हे ऑनलाइन पानावरही दाखवावं लागतं. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) क्रमांकही लागतो. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वजनाच्या रकान्यात. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनाशी तुलना करून जे जास्त भरेल त्याचं भाडं लावतात. ६०० ग्रॅमचा बांबूचा दिवा ३० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात घातला, की भाडं ५.४ किलोचं. तोच २० बाय २० बाय २० च्या खोक्यात बसला तर १.६ किलोचं. तेव्हा खोका आधी ठरवा, किंमत नंतर.

सरकारी कार्यालयांना विकायचं असेल तर जेम (जीईएम) हे सरकारी खरेदीचं पोर्टल आहे. केंद्रीय खात्यांना वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी लागते. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. ऑर्डर स्वीकारण्याआधी पुरवठ्याची मुदत वाचा, कारण उशिराला दंड आहे.

उत्पादक किंवा सेवा देणारे असाल आणि खरेदीदाराने पैसे थकवले, तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही आणि करारच नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज लागतं, तेही मासिक चक्रवाढीने. तक्रारीला खरेदी आदेश आणि बिल जोडावं लागतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डरसुद्धा ईमेलवर लेखी मागून घ्या आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.