डॉक्टरांशी गोळ्यांवरून पटत नाही? या चुका टाळा

माझ्या हातातला चहा बशीत सांडायला लागला तेव्हा मी डॉक्टरांकडे काही बोललो नाही. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या रात्रीच्या दोन गोळ्यांनी हात थरथरतो, म्हणून त्यातली एक परस्पर बंद केली. दोन महिन्यांनी रक्त तपासलं, लेव्हल 0.4 आली. दोन गोळ्या कमी पडताहेत असं समजून डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन लिहिल्या. घरी येऊन मी बायकोपाशी धुसफुसलो, ‘हा माणूस ऐकूनच घेत नाही!’ पण मी सांगितलं कुठे होतं?

वड्याचं तेल वांग्यावर, तसा डॉक्टरांवरचा राग गोळ्यांवर काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिथियमची उपयोगी पातळी साधारण 0.6 ते 1.0; 1.5 च्या वर गेली की उलट्या, जुलाब, तोल जाणं सुरू होऊ शकतं. उपरती होऊन मी तिन्ही गोळ्या इमानेइतबारे घ्यायला लागलो असतो, तर कुठे पोचलो असतो कोण जाणे. शिवाय ही तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगतो. अंगदुखीसाठी घेतलेल्या आयब्युप्रोफेननेही तो वाढतो. म्हणजे ज्या आकड्यावरून वाद घालायचा तो आधी खरा हवा.

इतर गोळ्यांचंही तेच. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची गोळी एकदम सोडली की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येऊ शकतात. माणूस म्हणतो, ‘बघा, आजार उलटला’ किंवा ‘बघा, सवय लागली’. पुष्कळदा दोन्ही खरं नसतं, डोस पायरीपायरीने उतरवलेला नसतो इतकंच. बरेच दिवस चालू असलेली क्लोनाझेपाम ही घबराटीवरची गोळी अचानक थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते.

‘मला या गोळ्या झेपत नाहीत’ एवढंच सांगून ओपीडीत काही हलत नाही. तिथे दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. मी पुढच्या वेळी कागदावर तीन ओळी लिहून नेल्या: सकाळी सही करताना हात थरथरतो, तीन महिन्यांत वजन चार किलो वाढलं, एक गोळी मी स्वतःहून बंद केली आहे. तिसरी ओळ वाचताना डॉक्टरांनी चष्मा काढला. ओरडले नाहीत. ‘हे आधी कळलं असतं तर तीन लिहिल्याच नसत्या,’ एवढंच म्हणाले. लैंगिक तक्रारी तर बहुतेक जण गिळूनच टाकतात आणि गुपचूप गोळ्या सोडतात. तोंडाने बोलवत नसेल तर तेही कागदावर लिहा.

घरच्यांनी आधी आत जाऊन ‘हल्ली फार चिडतो’ सांगणं आणि मग पेशंटला बोलवणं, हे मला अजूनही खुपतं. तेच वाक्य त्याच्यासमोर म्हणा.

पटलंच नाही तर सेकंड ओपिनियन जरूर घ्या, पण पहिल्याची फाइल लपवून नको. नव्या डॉक्टरांना जुने डोस, तारखा, रिपोर्ट दिसले नाहीत तर तेच प्रयोग पुन्हा सुरू होतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची आणि दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा, तसंच आपल्या नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हेही बरं असताना लिहून ठेवता येतं. मात्र कायद्याचं कलम पहिल्याच वाक्यात काढू नका. समोरचा लगेच बचावात जातो.

आणि तीन-तीन रात्री झोप नाही, किंवा जीव द्यावासा वाटतोय, अशा वेळी डोसचा वाद बाजूला ठेवा. घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा, डॉक्टरांना गाठा, नाहीतर जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

माझ्या दोन गोळ्यांच्या आता दीड झाल्या आहेत, लेव्हल 0.6. चहा सांडत नाही. कप काठोकाठ भरायचा मात्र मी सोडून दिलाय.