मोटार जळते तिथून सुरुवात करा

सत्तावीस वर्षं मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. रिटायर झाल्यावर यावल तालुक्यात, माझ्याच गावी, मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचा, सहा महिन्यांचा वर्ग सुरू केला. आता आजूबाजूच्या गावांतून विचारणा होते, "सर, आमच्याकडे कसं करायचं?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा शेडचं एस्टिमेट आधीच काढून ठेवलेलं असतं. ते घडी घालून ठेवा. एका संस्थेत अनुदानातून आलेलं यंत्र दोन वर्षं खोक्यातच पडलेलं मी पाहिलंय, कारण त्या शेडला थ्री फेज कनेक्शनच नव्हतं.

आधी शंभर पानी वही घ्या आणि मार्च ते मे फिरा. पारा पंचेचाळीसवर, विहिरी खाली गेलेल्या, आणि केळीचं पाणी तर एक दिवसही तोडता येत नाही. सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड, व्होल्टेज पडलेलं. त्यात एखादा फेज गेला की पाणबुडी मोटार जळालीच. रिवाइंडिंगच्या दुकानाबाहेर किती मोटारी पडल्यात, किती दिवसांनी परत मिळतात, कोणतं काम भुसावळ-जळगावला पाठवावं लागतं, हे लिहा. मी पोरांना सोलर शिकवायचं ठरवून बसलो होतो. पण एका दुकानाबाहेर अकरा मोटारी आणि त्यांच्याशेजारी उकिडवे बसलेले शेतकरी पाहिले, आणि बेत बदलला.

मग मिस्त्री गाठा. खरं अवघड काम हेच. आमचे वायंडर, म्हणजे मोटारी भरणारे मिस्त्री, बाबा सातवी नापास, पण आवाजावरून बेअरिंग ओळखणारे. त्यांनी सरळ सांगितलं, "सर, पोऱ्हं शिकतीन आन् माह्यासमोरच दुकान टाकतीन. मंग मी काय करू?" त्यांचं काही चुकत नव्हतं. असल्या माणसाला शाल-श्रीफळ देऊन भागत नाही. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. शिकवायच्या दिवसाची त्यांची पूर्ण रोजी द्यायची. हंगामात पोरांनी त्यांच्याच रांगेतल्या मोटारी भरायच्या. आणि शिकून निघालेल्याने दुकान टाकायचं तर जिथे वायंडर नाही अशा गावी. जळालेल्या तांब्याचं भंगार कोणाचं, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. शेतकऱ्याचं की दुकानदाराचं, यावरून आमचा वर्ग दुसऱ्या आठवड्यात मोडायला आला होता.

अभ्यासक्रम दोघांनी मिळून लिहायचा. ओहमचा नियम, अर्थिंग, स्टार-डेल्टा, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) कशासाठी, हे निदेशकाने घ्यावं. कॉइल भरणं मिस्त्रीने. पहिली सवय एकच लावा: जुनी कॉइल तोडण्याआधी टर्न (तारेचे वेढे), तारेचा गेज (जाडी), पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) आणि कनेक्शन वहीत उतरवायचं. तोडल्यावर आठवत बसलात तर मोटार गेली. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटारीत वार्निशची साधी तार चालत नाही, प्लॅस्टिकच्या आवरणाची लागते. हे पोरांना दोन्ही तारा हातात देऊन दाखवा, फळ्यावर नको. बाबा सिरीज बल्ब लावून मोटार पास करायचे. मी पाचशे व्होल्टचा मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणला. बल्बवर पास झालेली एक मोटार मेगरवर काटा वर घेईना. बाबांना पटलं नाही, मोटार विहिरीत सोडली, आठवड्यात परत आली. तेव्हापासून मेगर त्यांच्याच ताब्यात आहे, मला मागून घ्यावा लागतो.

वर्गाची वेळ एसटी बघून ठरवा. आमची अकरा ते दोन झाली, तेव्हा कुठे शेजारच्या गावच्या चार मुली येऊ शकल्या.

परीक्षा लेखी नाही. पोराने भरलेली मोटार विहिरीत सोडायची. हंगामभर वर आली नाही तर पास.

सर्टिफिकेटबद्दल मात्र खोटं बोलू नका. गावच्या वर्गाच्या कागदावर कारखान्यात नोकरी लागत नाही. ज्याला ती हवी, त्याला आयटीआयला पाठवा. तिथल्या संस्था व्यवस्थापन समितीत स्थानिक उद्योजक असतात, त्यांना तुमची वही दाखवा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात; 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे जळगावची मोठी डाळ मिल किंवा पाइपचा कारखाना यात येतो. बाबांचं दोन माणसांचं दुकान येत नाही. तिथली उमेदवारी तोंडी शब्दावरच चालणार.

आणि वही दर मार्चला नवी करा. यंदा तिच्यात सौर पंपांचे कंट्रोलर आले. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतले पंप आता शिवारात दिसू लागलेत. त्यांचे कंट्रोलर बाबांना उघडता येत नाहीत, मलाही नीटसं नाही. माझा एक जुना विद्यार्थी साक्रीकडे सोलरवर काम करून आलाय. दर रविवारी धुळ्याहून पहिल्या गाडीने येतो. भाडं आम्ही देतो, जेवण बाबांच्या घरी.