वजनाचं इंजेक्शन कुठे टोचायचं? या चुका टाळा

मार्च २०२५ मध्ये मौंजारो (टिरझेपॅटाइड) आणि पाठोपाठ जूनमध्ये वेगोवी (सेमाग्लुटाइड) ही वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नवाच प्रश्न फिरतोय: "पोटात घेतेस की मांडीत?" पाठोपाठ सल्ले येतात. पोटात घेतलं की पोट लवकर उतरतं, मांडीत घेतलं की मळमळत नाही, दंडात घेतलं की काहीच कळत नाही. यातलं बरंचसं ऐकीव आहे. शिवाय या चर्चेत खरोखर सांभाळायच्या गोष्टी बाजूलाच राहतात.

पोट कमी करायचंय म्हणून पोटात

हा गैरसमज सगळ्यात मोठा. सेमाग्लुटाइड असो वा टिरझेपॅटाइड, औषध कातडीखालच्या चरबीत सोडतात ते फक्त तिथून हळूहळू रक्तात उतरावं म्हणून. काम होतं ते पुढे. मेंदूतली भूक शांत होते, जठर सावकाश रिकामं होतं, खाणं कमी होतं. सुई जिथे गेली तिथली चरबी वितळत नाही. आपल्याकडे ज्याला 'सुटलेलं पोट' म्हणतात, त्यातली बरीच चरबी तर पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती असते. ४ मिलिमीटरची सुई तिथवर पोचतच नाही, आणि पोचायलाही नको.

पोट, मांडी आणि दंड या तिन्ही जागांवरून रक्तात उतरणारं औषध जवळजवळ सारखंच असतं. सेमाग्लुटाइडची शरीरातली निम्मी मात्रा संपायला साधारण आठवडा लागतो, टिरझेपॅटाइडची पाच दिवस. इतक्या संथ औषधाला पोट की मांडी याने काही फरक पडत नाही. म्हणून 'वजन उतरत नाही, जागा बदलून बघते' हा उपाय सोडून द्या. वजन थांबलं असेल तर डॉक्टरांशी डोस आणि आहाराबद्दल बोला.

मळमळीचंही तसंच. "मांडीत घ्यायला लागल्यापासून बरं वाटतं" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण मळमळ बहुतेकदा डोस वाढवल्यावर जास्त असते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर सरावलं की उतरते. नेमक्या त्याच काळात माणूस जागा बदलतो आणि श्रेय मांडीला जातं. मांडी ही मान्य जागा आहे, करून बघायला हरकत नाही. पण मळमळीचा खरा बंदोबस्त ताटात होतो: थोडं थोडं खाणं, तळलेलं-तुपकट कमी आणि पोट भरल्याची जाणीव झाली की थांबणं. 'एक तरी पुरी घे' असा आग्रह करणाऱ्यांचं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं.

ठरलेलीच एक जागा

एकदा दुखलं नाही की माणूस तीच जागा धरून बसतो. बेंबीच्या उजवीकडे, दर रविवारी, तिथेच. तिथली कातडी हळूहळू निबर होते, लाल चट्टा लवकर जात नाही, कधी गाठही जाणवते. आठवड्यातून एकदाच टोचायचं असल्याने हा त्रास रोज इन्सुलिन घेणाऱ्यांइतका होत नाही, पण जागा फिरवणं इतकं सोपं आहे की ते न करण्याला कारण नाही.

इंजेक्शनच्या एका पेनात (औषध भरलेल्या, पेनासारख्या साधनात) चार आठवड्यांचे चार डोस असतील तर हिशोब आपोआप जमतो: पोट उजवं, पोट डावं, मांडी उजवी, मांडी डावी. पुढच्या महिन्यात पुन्हा पोटाच्या उजवीकडे आलात की मागच्या जागेपासून दोन बोटं सरकून घ्या. दुधाचे खाडे लिहितो तसं कालनिर्णयवर 'पो.उ.', 'मां.डा.' लिहून ठेवलं की झालं. आठवड्याने आठवत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

परकराच्या नाडीवर

हे माहितीपत्रकात सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर. रोज साडी नेसणाऱ्या बाईच्या कमरेवर नाडीचा वळ असतो. तिथली कातडी काळपट, थोडी खरखरीत, कधी खाजरी झालेली असते. सलवारची नाडी, पँटचा पट्टा, घट्ट इलॅस्टिक यांचंही तेच. सकाळी उभ्याने, घाईत, कपडे जेमतेम वर-खाली सरकवून इंजेक्शन घेतलं की सुई नेमकी त्या पट्ट्यात जाते. मग दिवसभर नाडी तिथेच घासते, संध्याकाळी जागा लाल होते आणि आपण म्हणतो, 'औषधाची ॲलर्जी आली.'

त्यापेक्षा बसून घ्या. पोट मोकळं करा, वळ कुठून कुठे जातो ते बघा आणि त्याच्या वर किंवा खाली, कपडा घासणार नाही अशी मऊ जागा निवडा. बेंबीपासून चारही बाजूंनी ५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण तीन बोटं सोडा. सिझेरियन, हर्निया किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण, तीळ, गजकर्णाचा चट्टा, आधीचा काळा-निळा डाग, फुगलेली शीर या सगळ्यांपासून लांब राहा. कपड्यावरून टोचू नका.

मांडीचा चुकीचा भाग

मांडी म्हणजे समोरचा आणि बाहेरचा भाग. वर जांघेपासून वीतभर आणि खाली गुडघ्यापासून वीतभर सोडून जो मधला पट्टा उरतो, तो आपला. आतल्या बाजूला रक्तवाहिन्या जास्त असतात, चालताना घर्षणही होतं, म्हणून तिथे नको. नितंबाबद्दल बरेच जण विचारतात. इन्सुलिन तिथे घेतात, पण या औषधांच्या माहितीपत्रकात पोट, मांडी आणि दंड हेच आहे, तेव्हा तेवढ्यावरच राहावं.

दंडात स्वतःच्या हाताने

दंडात घ्यायचं ते मागच्या बाजूला, जिथे चरबी लोंबते तिथे. स्वतः घेणारा माणूस मात्र हात वळवून जमेल तिथे, म्हणजे खांद्याजवळच्या बाहेरच्या भागात टोचतो आणि तिथे खाली लगेच स्नायू असतो. एका हाताने चिमूट धरायची आणि त्याच दंडात दुसऱ्या हाताने पेन दाबायचं हे जमतही नाही. म्हणून दंड निवडायचा तर घरातल्या कुणाला तरी शिकवून त्यांच्याकडून घ्या. टिरझेपॅटाइडच्या सूचनांतही दंडासाठी दुसरी व्यक्तीच सांगितली आहे. एकटे राहत असाल तर पोट-मांडी पुरे आहे.

वजन उतरल्यावरही पूर्वीचीच पद्धत

याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सुरुवातीला जिथे जाड थर होता तिथे वर्षभराने सैल कातडी उरते, खास करून मांडी आणि दंडात. तीच सुई आता स्नायूपर्यंत जाऊ शकते. कातडीची जाडी माणूस लठ्ठ असो की बारीक, साधारण दोन-अडीच मिलिमीटरच असते, त्यामुळे ४ मिलिमीटरची सुई बहुतेक सगळ्यांना पुरते. लांब सुई असेल किंवा थर पातळ झाला असेल तर अंगठा आणि पहिल्या बोटाने हलकी चिमूट धरा. मूठभर पकडलंत तर स्नायूही वर येतो.

इन्सुलिनही चालू असेल तर

वर्षानुवर्षं इन्सुलिन घेतलेल्यांच्या पोटावर बऱ्याचदा रबरासारख्या गाठी असतात. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिथेच जातो. पण गाठीतून औषध कधी किती उतरेल याचा भरवसा नसतो. टोचण्याआधी बोटांची टोकं फिरवून चाचपा, मऊ आणि सारखं लागेल तिथेच घ्या. दोन्ही औषधं एकाच सिरिंजमध्ये कधीही मिसळू नका. दोन्ही पोटात घेतली तर चालतं, फक्त एकमेकांच्या शेजारी नकोत.

जागेशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेनाऐवजी व्हायल (औषधाची छोटी बाटली) वापरणाऱ्यांनी सिरिंजचं टोपण बघावं. आपल्याकडे लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१०० अशा दोन्ही इन्सुलिन सिरिंज मिळतात. अर्धा मिलिलिटर म्हणजे यू-१०० वर ५० ची खूण आणि यू-४० वर २० ची. 'पन्नासपर्यंत भर' एवढंच ऐकून आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. सिरिंज कुठली आणि खूण कुठली, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

काही बिनसलं तर

सुई काढल्यावर कातडीवर थेंब दिसला, तर बहुतेकदा पेन लवकर उचललेलं असतं. बटण पूर्ण दाबून मौंजारोच्या पेनाला सावकाश पाचपर्यंत आणि वेगोवीच्या पेनाला सहापर्यंत मोजायचं, मग सुई काढायची. थेंब गेला म्हणून डोस पुन्हा घ्यायचा नाही. बरंच औषध बाहेर आलं असं वाटलं तर डॉक्टरांना विचारा.

आग झाली तर आधी स्पिरिटवर संशय घ्या, ते वाळण्याआधीच टोचलेलं असतं. फ्रीजमधून काढलेलं गार औषधही झोंबतं, अर्धा तास बाहेर ठेवून मग घ्या. रक्ताचा थेंब आला किंवा काळं-निळं पडलं तर बारीक रक्तवाहिनीला धक्का लागला, इतकंच. कापसाने थोडं दाबून धरा, चोळू नका, त्यावर शेक घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डाग मोठा दिसतो. दर वेळी दुखत असेल तर सुई बघा. तीच सुई परत वापरली की ती बोथट होते, शिवाय पेनावर तशीच लावून ठेवली तर औषध गळतं आणि हवा शिरते. दर आठवड्याला नवी सुई, आणि वापरलेली जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात ती जाऊ नये.

टोचलेल्या जागी थोडा लालसरपणा आणि खाज एक-दोन दिवसांत जाते. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू दिसला किंवा ताप आला तर दवाखाना गाठा. चेहरा किंवा घसा सुजला, श्वास लागला, किंवा पोटात असह्य दुखून कळ पाठीकडे जात असेल तर सरळ इमर्जन्सीत जा. पेन किंवा त्याचं खोकं सोबत घ्या, म्हणजे कुठलं औषध आणि किती डोस हे तिथल्या डॉक्टरांना लगेच कळेल.