एचडी टीव्ही कसा निवडावा आणि त्यावरच्या जाहिराती कशा सोसाव्यात

नवा एचडी टीव्ही लावला की पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात येते. मालिकेतल्या नायिकेच्या साडीची वीण जितकी स्पष्ट दिसते, तितकाच मधल्या जाहिरातीतला साबणाचा फेसही स्पष्ट दिसतो. पडदा दोघांत भेद करत नाही. म्हणून टीव्ही निवडतानाच जाहिरातींचा विचार करावा, असं माझं मत झालं आहे. पहिल्या खरेदीत मी तो केला नव्हता आणि पुढे कितीतरी संध्याकाळी रिमोटवर म्यूटचं बटण चाचपडत बसलो.

आधी घरात टेप लावा

दुकानात जाण्याआधी बसायच्या जागेपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे ५५ इंची टीव्हीत चित्राची उंची जेमतेम २७ इंच असते. चित्राच्या उंचीच्या तिपटीहून थोडं लांब बसलं, की फुल एचडी पडद्यावर चित्र बनवणारे ठिपके सुटे दिसेनासे होतात. ४के पडद्यावर याच्या चौपट ठिपके असतात, ते दीडपटीच्या थोडं पुढेच दिसेनासे होतात. ५५ इंची टीव्हीसाठी ही अंतरं साधारण सव्वासात फूट आणि साडेतीन फूट येतात. सोफा नऊ फुटांवर असेल, तर केवळ ठिपके जास्त म्हणून ४केला जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. मोठ्या आकारात आता बहुतेक ४केच मिळतात, तेव्हा तो आलाच तर येऊ द्या. त्याहूनही बारीक ठिपक्यांच्या ८केचा मोह मात्र सोडा.

खोक्यावरचे आकडे

फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, साधारण २१ लाख ठिपके. ४के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. ‘एचडी रेडी’ या दोन्हींच्या खालचा. छोट्या खोलीतल्या छोट्या पडद्याला तो चालून जातो.

पण खरी मेख वेगळीच आहे. जुन्या पद्धतीच्या साध्या चॅनेलचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं. ते ४के पडद्यावर लावलं, की दर २० ठिपक्यांमागे १९ ठिपके टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. हा अंदाज कोणता टीव्ही चांगला बांधतो, ते कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

हर्ट्‌झच्या, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याच्या बाबतीत पॅनेलचा खरा आकडा विचारा. तो बहुधा ५०, ६०, १२० किंवा १४४ असतो. त्याहून भलेमोठे आकडे दिसले, तर ते विक्रीखात्याचे समजा. बाहेरची उपकरणं जोडायची एचडीएमआयची तीन भोकं असावीत. साउंडबार लावायचा असेल, तर त्यातल्या एकावर ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज साउंडबारला पोचवण्याची सोय) लिहिलेलं आहे का तेही पाहा.

दुकानात काय करायचं

दुकानातल्या पडद्यांवर रंगीत पोपट, कापलेली फळं आणि निळाशार समुद्र फिरत असतो. ती फीत खास त्यासाठीच बनवलेली असते आणि टीव्ही ‘विविड’, म्हणजे भडक रंगांच्या मोडमध्ये ठेवलेला असतो. भगभगीत दिव्यांखाली तोच उठून दिसतो. रिमोट मागून घ्या आणि ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा. आता माणसाचा चेहरा बघा. पोपटाचा खरा रंग कोणाला ठाऊक असतो? पण माणसाचा चेहरा लालबुंद झाला, तर लगेच खटकतो. मग कडेला सरकून तिरकं बघा. काही एलईडी टीव्हींचा रंग बाजूने फिका पडतो. ओएलईडी या महागड्या पडद्यात, जिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, तसं सहसा होत नाही आणि त्याचा काळा रंग खरोखर काळा असतो. मात्र दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लागत असेल, तर कोपऱ्यातल्या चिन्हाचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती राहते.

यानंतर एखादं साधं चॅनेल लावायला सांगा आणि जाहिराती सुरू होईपर्यंत थांबा. विक्रेता चुळबुळ करेल, करू द्या. जाहिरात लागल्यावर आवाज किती उसळतो ते ऐका. आता डोळे मिटा आणि अंगठ्याने म्यूटचं बटण शोधा. सापडलं नाही, तर ते अंधारात कधीच सापडणार नाही. काही नव्या रिमोटवर म्यूटचं स्वतंत्र बटणच नसतं, आवाजाचं बटण दाबून धरावं लागतं. माझ्या हिशेबी अशा टीव्हीचे गुण कमी होतात.

हे बटण काही क्षुल्लक नाही. १९५५ मध्ये झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली या अभियंत्याने ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा बिनतारी रिमोट बनवला. टॉर्चसारखा प्रकाशझोत टीव्हीच्या कोपऱ्यावर मारला, की चित्र तसंच राहून आवाज बंद करता येई. जाहिरातींची कटकट थांबवता येते, हे त्या रिमोटच्या विक्रीतलं मोठं आकर्षण होतं. गंमत म्हणजे हे सांगणारीसुद्धा जाहिरातच.

घरी आल्यावर

पहिलं काम म्हणजे ‘विविड’ घालवणं. दुसरं, ‘मोशन स्मूदिंग’ बंद करणं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मध्ये आपल्या पदरच्या चौकटी घालतो आणि चांगला चित्रपट मालिकेच्या सेटवर उभा असल्यासारखा दिसू लागतो. खेळाच्या सामन्यांना हवं तर ते चालू ठेवा.

तिसरं काम लोक घाईत विसरतात. स्मार्ट टीव्ही सुरू करताना ‘मान्य आहे’ अशी ओळीने बटणं येतात, त्यातलं एखादं तुमच्यावर नजर ठेवण्याचं असतं. पडद्यावर काय चाललं आहे हे टीव्ही ओळखतो आणि कळवतो, मग त्यावरून जाहिराती ठरतात. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या कंपनीने न विचारता अशी माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या पानावर ही सोय बंद करता येते. पहिल्या पानावरच्या जाहिरातींचा जाच असेल, तर टीव्ही चालू होताच थेट सेट-टॉप बॉक्सवर जाईल अशी सेटिंग मिळते का पाहा. टीव्हीला इंटरनेट न जोडणं हा सगळ्यात पक्का उपाय.

आवाजाचं दुखणं

जाहिरात मोठ्याने ओरडते असं वाटतं, पण आवाजाचं टोक बहुधा कार्यक्रमाइतकंच असतं. कार्यक्रमात कुजबूज असते, शांतता असते. जाहिरातीत प्रत्येक शब्द दाबून त्या टोकाजवळ आणलेला असतो. अमेरिकेत यासाठी ‘काम’ (इंग्रजी CALM, म्हणजे शांत) नावाचा कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. जाहिरातीची सरासरी पातळी कार्यक्रमापेक्षा वर जाऊ नये, असं तो सांगतो. तुमच्याकडे नियम काहीही असो, आवाजाच्या सेटिंगमधलं ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. गाण्याच्या मैफलीला ते बंद करायला विसरू नका, नाहीतर तानही सपाट होते.

रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स असेल, तर तासाभराचा कार्यक्रम पंधरा मिनिटं उशिरा बघायला बसा. जाहिराती पुढे ढकलत गेलात, की शेवट बहुतेक सगळ्यांबरोबरच गाठता.

थेट सामन्याला हे जमत नाही. तिथे म्यूट, आणि सबटायटल मिळत असतील तर तेही चालू ठेवा. म्यूट केलेला टीव्ही पाच मिनिटांत विसरला जातो. समालोचनाच्या ओळी पुन्हा सरकू लागल्या, की स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसतात.