पोटातल्या चरबीची सूज: कशी ओळखायची, कशी उतरवायची

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. "वजन तर बरोबर आहे, मग साखर कशी वाढली?" या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली तेव्हा सरासरी वजन २.७ किलो निघालं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी राखलेली. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबून राहू नये.

चरबीची पेशी म्हणजे कोठार. जेवणातली जास्तीची ऊर्जा ती तेलाच्या थेंबासारखी साठवून ठेवते. मांड्या, नितंब, दंड इथलं कातडीखालचं कोठार फारसं त्रासाचं नसतं, पण आपल्याकडे ते लवकर भरतं. भरलं की पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात. मेलेली पेशी उचलायला मॅक्रोफेज या भक्षक पेशी येतात आणि तिच्याभोवती मुकुटासारखं कडं करून बसतात. सडपातळ शरीराच्या चरबीत त्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असतं, स्थूलपणात ते ४० टक्क्यांपर्यंत चढू शकतं. त्या टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी रसायनं सोडतात; हीच चरबीची सूज. पेशीच्या आत इन्शुलिनचा निरोप ज्या साखळीने पोचतो, ती साखळी ही रसायनं मध्येच अडवतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ १९९३ मध्ये सापडलं. ते बहुतांशी भक्षक पेशींतून येतं, हे कळायला २००३ उजाडलं.

कोठारात न मावलेलं तेल मग पोटाच्या आत, यकृतात आणि स्नायूंत साचतं. तेलाने भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकत नाही आणि रात्रभर साखर सोडत राहतं. सकाळी उपाशीपोटी १०८ आकडा आला की माणूस म्हणतो, रात्री तर गोड काहीच खाल्लं नव्हतं. ती साखर जेवणाची नसतेच.

पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीवरून हे नीट पटतं. ती कातडीखालचं कोठार मोठं करते, यकृतातलं तेल तिकडे हलतं, आणि वजन वाढूनही साखर उतरते. ती स्वतःच्या मनाने घ्यायची गोळी नाही: पाय सुजतात, हृदय कमकुवत असेल तर धोका, हाडंही ठिसूळ होतात. पण चरबी किती, यापेक्षा ती कुठे, याला किती वजन आहे ते यातून कळतं.

पोटाचा घेर कसा मोजायचा

सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटाने चाचपून शोधा. दोन्हींच्या बरोबर मधे टेप उघड्या कातडीवर आडवी धरा. पाठीमागे ती खाली घसरते, म्हणून आरशात पाहा किंवा घरच्यांना धरायला सांगा. श्वास सहज सोडा आणि त्या क्षणी वाचा. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पुरुषांनी ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, स्त्रियांनी ८० म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या आत राहायचं.

बहुतेक जण पँटचा नंबर सांगतात. पँट पोटाच्या खाली बसते, त्यामुळे ३४ नंबरवाल्याचा खरा घेर ३८ इंच निघू शकतो. जुनी कापडी टेप ताणली गेली असेल तर ती घेर कमी दाखवते. पोलादी पट्टीवर ठेवून एकदा तपासून घ्या.

उदाहरण घ्या: उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६१ किलो, बीएमआय २२.४, म्हणजे कागदावर उत्तम. घेर ९३. या माणसाने तपासण्या कराव्यातच.

कोणत्या तपासण्या, आणि त्या कुठे फसवतात

उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (रक्तातल्या चरबीचे आकडे), एएसटी आणि एएलटी (यकृताचे आकडे) आणि हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी). १० ते १२ तास उपास, पाणी चालतं, बिनसाखरेचा चहासुद्धा नको. साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, आणि एचडीएल पुरुषांत ४० च्या किंवा स्त्रियांत ५० च्या खाली, ही जोडी घेरासोबत आली तर कोठार भरल्याची खूण समजा.

घरी येऊन रक्त नेणाऱ्याकडे साखरेसाठी करड्या बुचाची बाटली आहे ना, हे पाहा. साध्या बाटलीत रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. कोथरूडहून निघालेली पिशवी तीन तास फिरून प्रयोगशाळेत पोचली तर ११५ ची साखर ९८ दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. एचबीए१सीची वेगळीच अडचण: अंगात लोह कमी असेल तर ते खोटं वाढलेलं दिसतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे नेहमीचं आहे. म्हणून हिमोग्राम सोबत हवाच. दोन आकडे जुळत नसतील तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहायची. १४० ते १९९ आली तर उंबरठा पक्का.

सूज मोजायला एचएस-सीआरपी सांगतात. एकच्या खाली चांगलं, तीनच्या वर जास्त. पण ते सर्दी, दाढदुखी, हिरड्यांचा आजार कशानेही चढतं. पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुन्याचा ताप येऊन गेला असेल तर निदान दोन आठवडे थांबा. दहाच्या वर आलं तर चरबीला दोष न देता आधी जंतुसंसर्ग शोधा. हिमोग्राममधल्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावरून चरबीतल्या भक्षक पेशींचा अंदाज बांधता येत नाही.

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १' आलं की घरात एक तर घबराट होते, नाही तर "सगळ्यांनाच असतं" म्हणून कागद कपाटात जातो. दोन्ही नको. कागद-पेन्सिलीने एफआयबी-४, म्हणजे यकृत कडक होऊ लागल्याचा अंदाज देणारा आकडा, काढा: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. वय ४८, एएसटी ४०, प्लेटलेट दोन लाख म्हणजे २००, एएलटी ४९. १९२० भागिले १४००, उत्तर १.३७. १.३ च्या खाली असतं तर वर्षाने पाहिलं असतं तरी चाललं असतं. हा आकडा किंचित वर आहे, म्हणून डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारायचं. ३५ च्या खालच्या वयात हे सूत्र नीट चालत नाही.

काय करायचं

सूज उतरवायची गोळी शोधू नका. सूज वाढवणाऱ्या एका रसायनाला अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध दहा हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं गेलं. हृदयविकाराचे झटके कमी झाले, नवा मधुमेह मात्र टळला नाही. स्टेरॉइड तर सूज झटकन उतरवतं आणि साखर चढवतं. कोठार हलकं करणं हाच भरवशाचा उपाय.

किती? वजनाच्या ५ ते ७ टक्के, बारीक माणसानेसुद्धा. ब्रिटनमध्ये बीएमआय २७ च्या आतल्या २० मधुमेहींवर प्रयोग झाला. वजनाच्या साधारण साडेसहा टक्के उतरल्यावर त्यांतल्या १४ जणांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली आली. ६१ किलोच्या माणसाला म्हणजे चार किलो. सहा महिन्यांत पुरे. उतरताना चरबीच्या पेशी आकसतात, संख्येने जवळपास तेवढ्याच राहतात. म्हणून सवय सुटली की त्या पुन्हा भरतात.

जेवणानंतर लगेच १० ते १५ मिनिटं चाला, दुपारी आणि रात्री. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो, आणि साखर आत ओढण्याचा हा मार्ग चरबीची सूज अडवत नाही. पुण्यात तळजाईच्या टेकडीवर पहाटे तासभर चालून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी हे चालणं जरूर जोडावं. आठवड्यातून दोनदा स्नायूंवर ताण हवा: १२-१२ बैठकांचे तीन फेरे, भिंतीवर टेकून जोर, किंवा पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या दोनदा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठ-बस करा. पर्वती उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो.

ताटात आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ किंवा घट्ट वरण संपवा, मग भाकरी. तेच जेवण या क्रमाने घेतलं तर नंतरची साखर कमी चढते. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. नेहमीची चूक अशी की भात सोडला जातो आणि त्या जागी साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचं कूट. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. ती आधी काढा.

ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. हात थरथरले, घाम फुटला, साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्या शाकाहारी माणसाने बी१२ वर्षातून एकदा तपासावं. तळपायांना मुंग्या आल्या की सगळे साखरेला दोष देतात, आणि बी१२ ची कमतरता तशीच राहते.

घेर दर दोन आठवड्यांनी, एचबीए१सी तीन महिन्यांनी; तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्याआधी जुनीच साखर दिसत राहते. बैठका सुरू केल्यावर कधी वजन तेवढंच राहतं आणि घेर तीन सेंटिमीटरने उतरतो. अशा वेळी जेवण आणखी तोडू नका, चाललंय तसंच चालू ठेवा.